एक स्क्रू आणि सतरा किलोमीटरचा घाटा: नागपुरातल्या एका १०० सीसी गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यातलं. माझं छोटं गॅरेज मानेवाड्याच्या बाजूला आहे आणि येणाऱ्या गाड्यांत अजूनही निम्म्याहून जास्त कार्ब्युरेटरवाल्या असतात. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून बहुतेक नवीन मोटारसायकली इंजेक्शनच्या येतात, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. पण ज्यांची रोजीरोटी गाडीवर चालते, त्यांच्याकडे बहुधा जुनीच गाडी असते.

या गाडीचे मालक, ज्यांना मी भाऊ म्हणतो, कूलर दुरुस्तीचं काम करतात. नागपुरात मार्च ते जून हाच त्यांचा खरा हंगाम. सकाळी मानेवाड्यातून निघायचं, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, हिंगणा टी-पॉइंट, कधी थेट कोराडी रोड. पंप बदलायचा, मोटर बघायची, वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या बसवायच्या. दिवसाला सरासरी सत्तर किलोमीटर. गाडी २०१२ ची, १०० सीसी, एकाच हातातली. मागे हत्यारांची पेटी आणि तिच्यावर बांधलेला वुडवूलचा गठ्ठा.

गाडी पूर्वी लिटरला ५८ किलोमीटरपर्यंत द्यायची, असं त्यांचं म्हणणं. आता ४१ वर आली होती. हा ४१ अंदाज नव्हता. ते पेट्रोलची प्रत्येक चिठ्ठी खिशातल्या वहीत लावून ठेवतात आणि शेजारी मीटरचा आकडा लिहितात. अशी वही ठेवणारं गिऱ्हाईक मला वर्षातून दोन-चारदाच भेटतं. त्या वहीमुळेच पुढचं सगळं शक्य झालं.

तक्रार

"भाऊ, गाडी लयच पेट्रोल पिऊन रायली. भाच्यानं स्क्रू आवळून पायला, काई फरक नाही पडला. तुमी जरा बरोबर आवळून द्या नं."

गणित सरळ होतं. रोजचे सत्तर किलोमीटर ४१ च्या हिशेबाने म्हणजे साधारण १.७ लिटर. ५५ मिळालं तर १.३ लिटरच्या आत. लिटरमागे शंभराच्या वर पैसे मोजणाऱ्या माणसाचे रोज चाळीसेक रुपये धुरात जात होते. महिन्याला हजार. कूलरच्या एका पंपावर सुटणारा नफा त्यांनी मला सांगितला, तेव्हा ही रक्कम त्यांच्यासाठी किती मोठी आहे ते कळलं.

तीन गोष्टी मी विचारल्या. सकाळी गाडीखाली पेट्रोलचा वास येतो का? येतो. रात्री कॉक (टाकीतून येणारं पेट्रोल बंद करायची खिट्टी) बंद करता का? नाही. याआधी कार्ब्युरेटर कोणी उघडला होता का? फेब्रुवारीत. गाडी महिनाभर उभी होती, सुरूच होईना. रस्त्यावरच्या एकाने "कचरा आला" म्हणून उघडून साफ करून दिला.

त्या तिसऱ्या उत्तरातच अर्धं निदान होतं. पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्यांनीच मागितलेला: स्क्रू फिरवा आणि जाऊ द्या. दहा मिनिटांचं काम. गिऱ्हाईक खूश, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार.

दुसरा, कार्ब्युरेटरच बदलायचा. बाजारातला लोकल स्वस्त पडतो. पण त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) त्या इंजिनाच्या मापाचे असतीलच याची खात्री नसते आणि बऱ्याचदा ॲव्हरेज आणखी बिघडतं. कंपनीचा परवडणारा नव्हता, आणि जुन्याची बॉडी चांगली असताना तो फेकायला माझं मन तयार होईना. स्लाइड, म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला की वर सरकणारा भाग, हाताने हलवून पाहिली होती, बोअरमध्ये (ती सरकते त्या नळीत) ढिली नव्हती. स्लाइड आणि बोअर झिजलेलं असेल तरच मी बॉडी बदला म्हणतो.

तिसरा, आधी मोजायचं, मग एकेक कारण काढत जायचं. याला त्यांचा एक पूर्ण दिवस जाणार होता, आणि ऐन हंगामात दिवस मोडणं म्हणजे तीन-चार गिऱ्हाइकं सोडणं. "तुमचा दिवस जाईल" हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी वही खिशात घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या एक दिवस. महिन्याचे हजार तं जाऊनच रायले नं."

आधी मोजमाप

ॲव्हरेज बघायची माझी पद्धत बाटलीची. टाकीची नळी काढायची, मापाची बाटली हँडलला लटकवायची, आधी कार्ब्युरेटर भरू द्यायचा आणि मग बरोबर २०० मिलिलिटर पेट्रोल मोजून चालायचं. बेसा-पिपळा रोडला सकाळी सहाला रहदारी कमी असते. टॉप गिअरमध्ये ४० ते ४५ चा वेग धरायचा, अर्धं अंतर जाताना, अर्धं येताना, म्हणजे वाऱ्याचा हिशेब आपोआप कटतो. मीटर खरं दाखवतंय का, तेही मोबाइलच्या नकाशाशी ताडून घेतलं. ते खरं होतं.

आली तशीच गाडी चालवली: २०० मिलिलिटरमध्ये ८.६ किलोमीटर. लिटरला ४३. वहीतल्या ४१ शी जुळलं.

मग जवळच्या पीयूसीवर, म्हणजे धूर तपासणी केंद्रावर नेली, त्यांचं प्रमाणपत्र तसंही संपत आलं होतं. या वयाच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के. यंत्राने दाखवलं ४.३. मिश्रण रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय, हे कागदावर आलं. पीयूसीचं यंत्र स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता, उभ्या असलेल्या गाडीचा धूर मोजतं, त्यामुळे त्याला कार्ब्युरेटरचा स्लोचा मार्गच दिसतो. मधला ॲक्सिलरेटर आणि फुल ॲक्सिलरेटरबद्दल ते काही सांगत नाही. यंत्राची ही उणीव पुढे मला महागात पडली.

काय काय सापडलं

कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. दीड फेऱ्यात थांबलं. ब्रेक घासत होता. मागच्या चाकात हवा जवळपास दहा पौंड कमी. एअर फिल्टरवर धुळीचा इतका थर की पुढ्यात धरल्यावर पलीकडचा उजेड दिसेना. प्लग काळाकुट्ट, कोरडी काजळी. ब्रेक सोडवला, हवा भरली, फिल्टर आणि प्लग बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासले. पुन्हा बाटली: ९.४ किलोमीटर, म्हणजे ४७. कार्ब्युरेटरला बोट न लावता चार किलोमीटर परत आले.

मग भाच्याचा स्क्रू. इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बिघाडांचं मूळ हेच असतं.

कार्ब्युरेटरच्या बाजूला जो छोटा स्क्रू असतो, तो दोन प्रकारचा असतो. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा मिश्रणाचा असतो. आवळला की पेट्रोल कमी होतं. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो. आवळला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रण उलट रिच होतं. दोन्ही दिसायला सारखेच. भाच्याने मोबाइलवर पाहिलेली गाडी पहिल्या प्रकारची असावी. मामाची गाडी दुसऱ्या प्रकारची. त्याने पेट्रोल वाचवायला आवळला आणि हवेची वाटच बंद केली. मी मोजायला म्हणून आत फिरवायला गेलो तर स्क्रू जागचा हलेना. शून्य फेरे. अशा कार्ब्युरेटरला साधारण दीड फेरा बाहेर ही सुरुवातीची जागा. त्यातून गाडी बंद पडायला लागली म्हणून त्याने स्लोचा स्क्रूही चढवून ठेवला होता. इंजिनाचे मिनिटाचे फेरे १४०० च्या आसपास हवेत, ते १९०० च्या वर होते. म्हणजे प्रत्येक सिग्नलवर उभ्याउभ्या जास्तीचं पेट्रोल.

त्या पोराला मी दोष दिला नाही. मामाचे पैसे वाचावेत एवढंच त्याच्या मनात होतं.

बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोल साठवणारी वाटी, उघडला. तळाला पांढरट भुकटी आणि चिकट पिवळा थर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की बाऊलमधलं पेट्रोल उडतं, मागे डिंकासारखा थर राहतो आणि पाण्याने धातूवर पांढरं चढतं. फेब्रुवारीत जेट बंद पडला तो यामुळेच.

आता तो जेट. हा स्लो जेट, म्हणजे स्लोवर आणि थोड्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल सोडणारा. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. मी तो पेट्रोलमध्ये धुतला, हवा मारली आणि भिंग लावून उन्हाकडे धरला. भोक गोल नव्हतं. एका बाजूला लांबट झालेलं, काठावर पितळेचा चकचकीत ओरखडा. खात्री करायला एक बारीक तार घेतली. नव्या जेटमध्ये ती तार शिरेना, आणि या जेटमधून आरपार गेली, वर थोडी हललीसुद्धा. फेब्रुवारीत कोणीतरी क्लचच्या वायरचा पोलादी धागा घालून जेट "साफ" केला होता. पितळ मऊ, पोलाद कडक. कचरा निघाला आणि भोक कायमचं मोठं झालं. शहरात आपण गाडी बहुतेक वेळ पाव ॲक्सिलरेटरच्या आतच चालवतो, आणि त्या टप्प्यात जास्त काम या स्लो जेटचंच असतं. म्हणून मार बरोबर ॲव्हरेजवर बसला.

शेवटची गोष्ट फ्लोटची, म्हणजे बाऊल भरला की पिन वर ढकलून पेट्रोल थांबवणाऱ्या तरंगाची. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून पातळी पाहिली, तर पेट्रोल असायला हवं त्याहून वर चढलेलं. फ्लोट पिनच्या रबरी टोकावर गोल खाच पडली होती. पिन नीट बसत नव्हती. सकाळचा वास तिथून येत होता, कारण कॉक रात्रभर सुरू.

काय केलं

नवीन स्लो जेट, नवीन फ्लोट पिन, नवीन बाऊल पॅकिंग. मेन जेट (जास्त ॲक्सिलरेटरला पेट्रोल सोडणारा) त्याच भिंगाखाली तपासला, तो शाबूत होता. स्लाइडला लटकलेली नीडल, म्हणजे मधल्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी सुई, पाच खाचांची, तिला अडकवणारी क्लिप मधल्या खाचेत. ती तशीच ठेवली.

ट्युनिंग गाडी पूर्ण गरम झाल्यावरच केलं. हवेचा स्क्रू दीड फेऱ्यावर, मग तिथून पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवून इंजिन सगळ्यात मोकळं कुठे फिरतं ते ऐकायचं. इंजिनाचे फेरे चढले की स्लो खाली आणायचा आणि पुन्हा तेच. जागा सापडली पावणेदोन फेऱ्यावर. पीयूसीवर आता २.१ टक्के.

बाटली: ११.६ किलोमीटर. लिटरला ५८.

इथे काम संपवायला हवं होतं.

माझी चूक

भाऊंच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की त्यांनी विचारलं, "आजून थोडं निंघन का? साठच्या वर?" आणि मी हो म्हणालो. क्लिप एक खाच वर घेतली. क्लिप वर गेली की नीडल खाली बसते आणि मधल्या ॲक्सिलरेटरला पेट्रोल कमी मिळतं. बाटली लावली: १२.४ किलोमीटर, म्हणजे ६२. पीयूसीचा आकडा तोच राहिला, कारण स्लोवर नीडलचं काही चालतच नाही. मला वाटलं, सगळं छान आहे.

पाचव्या दिवशी ते परत आले. "ॲक्सिलरेटर देलं का गाडी दमते, भाऊ. मंग एकदम धक्का मारते." ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट. दुपारच्या उन्हात हिंगण्याकडे जाताना इंजिनातून खडखड. प्लग काढला तर टोक पांढरं पडलेलं. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, झालं होतं.

आणि वहीतला आकडा? चार दिवसांत २८० किलोमीटर, ५.४ लिटर. फक्त ५२.

बाटलीवर ६२ देणारी गाडी कामावर ५२ का देते, हे मला आधीच कळायला हवं होतं. बेसा रोडला मी रिकामी गाडी एका वेगात चालवत होतो. भाऊ पेटी आणि गठ्ठा घेऊन, वारा अडवत, छत्रपती चौक ते प्रतापनगर दहा वेळा थांबत जातात. लीन गाडीला ताकद कमी पडते. मग माणूस ॲक्सिलरेटर जास्त पिळतो, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो, आणि वाचलेलं पेट्रोल दुप्पट होऊन जातं.

त्यात इथेनॉल. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलचं प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. २०१२ च्या गाडीचे जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेले. म्हणजे आजचं पेट्रोल टाकलं की तीच गाडी, काहीही न फिरवता, थोडी लीन चालते. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला सांभाळणारं कोणी नाही. आधीच लीन असलेल्या गाडीला मी आणखी लीन केलं होतं.

क्लिप त्याच दिवशी मधल्या खाचेत परत घेतली. पैसे घेतले नाहीत. आधी घेतलेल्या मजुरीतूनही त्या दिवसाचे वजा केले.

निकाल

पुढचे तीन आठवडे भाऊंनी वही लावली. ५४, ५५, ५५. सुरुवातीच्या ४१ वरून ५५. सकाळचा वास गेला, पिकअप पूर्ववत.

५८ का नाही, हे त्यांनी विचारलं आणि ते विचारायचा त्यांना हक्क होता. मी वही त्यांच्यासमोर धरून समजावलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, जुन्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांवर जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्के घटेल असं लिहिलेलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या पेट्रोलशी तुलना केली तर घट याहून मोठी येणार. तेवढे किलोमीटर कुठलाही स्क्रू परत आणू शकत नाही. ते मिळवायला गेलं की इंजिन तापतं, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनचा खर्च पाच वर्षांची पेट्रोलची बचत गिळतो.

पुन्हा अशी गाडी आली तर

जेट, फ्लोट पिन आणि स्क्रू हे तिन्ही मी एकाच बैठकीत बदलले. त्यामुळे ४७ वरून ५८ पर्यंतचे अकरा किलोमीटर कुणामुळे किती आले, हे मला आजही सांगता येत नाही. एकेक बदलून बाटली लावली असती तर तीन तास जास्त गेले असते, पण पुढच्या गिऱ्हाइकाला कुठून सुरुवात करायची हे आकड्यांनी सांगता आलं असतं. आता मी तसं करतो, निदान स्क्रू आणि जेट वेगवेगळे.

बाटलीची चाचणी आता दोनदा घेतो. एकदा रिकामी आणि एकदा गिऱ्हाइकाचं नेहमीचं ओझं बांधून. भाऊंच्या बाबतीत गठ्ठा गॅरेजमध्ये काढून ठेवला होता, आणि तो तिथेच पडलेला दिसत असूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

"फेब्रुवारीत उघडला होता" हे ऐकल्यावर मी जेटकडे पहिल्या तासातच जायला हवं होतं.

आणि ऋतूचा हिशेब. नागपुरात मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. गरम हवा विरळ, म्हणून मेमध्ये मिश्रण आपोआप जरा रिच होतं. थंडीत हवा दाट, म्हणून लीन. मेमधल्या उन्हात ऐकून बसवलेली पावणेदोन फेऱ्यांची जागा हिवाळ्यात चालेलच असं नाही. हे मी भाऊंना तेव्हा सांगायचं विसरलो.

डिसेंबरात ते स्वतःच आले. सकाळी चोक ओढूनही गाडी दोनदा बंद पडते म्हणाले. हवेचा स्क्रू पाव फेरा आत घेतला, दीडवर. हंगाम संपल्यावर गाडी उभी ठेवायची तर कॉक बंद करून बाऊलमधलं पेट्रोल काढून टाकायचं, हे त्यांना जुलैतच शिकवलं होतं आणि ते ते करत होते. मी बाऊल उघडून पाहिला, तळ स्वच्छ होता. भाऊंनी वही काढली, शेवटच्या पानावर तारीख टाकली आणि लिहिलं: "स्क्रू दीड. एप्रिलमध्ये परत पावणेदोन."